दुसऱ्या पंपाचं तोंड

रामला
५ नोव्हेंबर १९९७

जॉशू,

तू जिवंत आहेस असं धरून लिहिते. मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, पण मेला असतास तर रेवदंड्याहून कोणीतरी कळवलं असतं. एवढी माणुसकी तिकडे अजून असेल.

आमची होडी बुडाली. वादळात नाही, भर समुद्रातही नाही. याफोच्या बंदरात, भिंतीला बांधलेली होती तिथेच बुडाली, जशी एखादी म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या जाते तशी. शनिवार होता. आम्ही सगळे इथे घरी शनिवारचा शबात पाळून, कशाला हात न लावता बसलेले. रविवारी पहाटे यारोन मासे धरायला गेला तर पाण्यावर नुसतं होडीचं नाक आणि ताणलेली दोरी. क्रेन आणून वर काढली. इंजिन उघडून धुतलं, तेल पाजलं, आता चालतं पण क्षय झाल्यासारखं खोकतं. होडी माझ्या नावावर, हे तुला ठाऊक आहेच. मिखाएल मला विधवा करून गेला तेव्हापासून माझा मुलगा यारोनच ती चालवतो, आणि त्याची फॅक्टरी बंद पडल्यापासून या घरात चूल पेटते ती त्या होडीवर.

आता ऐक. लाकडी होडी पाझरायचीच, हे तुला मी काय शिकवू! तिच्या पोटात पंप आहे. पाणी चढलं की तरंगता खटका वर उचलला जातो, पंप आपोआप सुरू होतो, पाणी बाहेर. इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. मग त्याच शनिवारी पंपाला काय झोप लागली?

नाही. त्याला झोपवला. आमच्या होडीला खेटून यिगाल नावाच्या माणसाची होडी असते. आमची जागा भिंतीच्या आडोशाला, लाट लागत नाही. त्याची उघड्यावर. त्या जागेवर त्याचा डोळा आहे, मिखाएल होता तेव्हापासून. बंदरावरच्या माणसाने मला सांगितलं, शनिवारी यिगाल धक्क्यावर खुर्ची टाकून कॉफी पीत बसला होता आणि आमची होडी खाली जाताना बघत होता. ओरडला नाही, कोणाला हाक मारली नाही, हात लावला नाही. का लावील? आधीच लावून झाला होता!

बंदरवाल्याने बजावलंय, पुन्हा बुडाली तर ही जागा दुसऱ्याला देईन. हा दुसरा कोण ते तुला सांगायला नको.

यारोनला विचारलं तर मूग गिळून बसतो. दोन वर्षांपूर्वी धर्माला लागला, डोक्यावर टोपी चढवली, तेव्हापासून तो कोणाचं वाईट बोलत नाही. मला तसलं काही झालेलं नाही.

तू जन्मभर रेवसच्या लाँचवर इंजिन चालवलंस. मला सांग, दुसरा पंप कोणता घेऊ आणि कसा बसवू, की पहिला बंद केला तरी दुसरा चालेल आणि यिगालच्या बापालाही तो बंद करता येणार नाही.

आणि मी एलियाहू हन्नाबीला, आपल्या पैगंबराला, मालिदेचा नवस बोलले आहे. यिगालची होडी बुडाली की पोहे, गूळ, नारळ, फळं, दहा पुरुष बोलावून सगळं साग्रसंगीत करीन.

योखेवेद


रेवदंडा
२८ नोव्हेंबर १९९७

बाय,

जिवंत आहे. गुडघे गेलेत, बाकीचा आहे.

नवसाचं आधी बोलतो. एलियाहूला आपण मालिदा करतो ते लग्न ठरलं, पोर झालं, आजारी माणूस उठून बसलं म्हणून. शेजाऱ्याची होडी बुडावी म्हणून नवस बोललेली तू पहिलीच. आपल्या आईने ऐकलं असतं तर पोह्यांचं ताट तुझ्या डोक्यावर पालथं घातलं असतं. नवस परत घे.

आता पंप. पहिल्यासारखाच दुसरा आणू नकोस, त्याच्या दुप्पट ताकदीचा आण. दुकानदार डब्यावरचा आकडा दाखवील. त्यावर जाऊ नकोस. तो आकडा पंप टेबलावर ठेवून, पाणी वर न चढवता काढलेला असतो. होडीत पाणी पोटातून काठापर्यंत चढवायचं असतं, तिथे पंप निम्मंही काम करत नाही. नळी आतून गुळगुळीत घे. वळ्यावळ्यांची नळी स्वस्त असते, पण पाणी तिच्यात रेंगाळतं.

दुसरा पंप पहिल्याच्या शेजारी बसवू नकोस. चार बोटं वर बसव, खटका त्याच्याही जरा वर. म्हणजे रोजचं पाणी पहिला काढील, दुसरा कोरडा आणि स्वच्छ राहील. पहिला बंद पडला आणि पाणी चढलं, तरच दुसरा जागा होईल. त्याला बॅटरी वेगळी दे, उंचावर ठेव. आणि मुख्य गोष्ट, त्याची तार होडीच्या मोठ्या स्विचमधून नेऊ नकोस. मोठा स्विच फिरवला की होडीतलं सगळं मरतं, दिवे, इंजिन, पंप, सगळं. दुसऱ्याची तार सरळ बॅटरीला जोड, मध्ये बॅटरीच्या जवळच फ्यूज घाल. मग मोठा स्विच कोणीही फिरवू दे, हा चालेल.

नळीचं तोंड पाण्यापासून चांगलं वर काढ, आणि बाहेर पडण्याआधी नळीला आत एक उंच वळसा दे. नाहीतर होडी जड झाली की बाहेरचा समुद्र त्याच नळीतून आत येतो. रेवसला एक लाँच मी अशीच गेलेली पाहिली आहे. पंपानेच बुडवली.

जुना पंप फेकू नकोस. आधी बॅटरीला थेट लावून पाहा, जळलाय की चालतोय. मग मला कळव.

होडी शनिवारी बुडाली म्हणालीस ना? बरं.

जॉशुआ


रामला
२६ डिसेंबर १९९७

जॉशू,

हनुक्काच्या दिव्यांपुढे बसून लिहिते. तेलात तळलेलं खाऊन घसा धरलाय, तरी तुला कळवल्यावाचून राहवत नाही.

जुना पंप न्हाणीघरात बादलीत ठेवला आणि नातीने, गालितने, तारा बॅटरीला लावल्या. चालतो काय म्हणतोस! भिंत, आरसा, मी, सगळं धुऊन निघालं. तो आजारीसुद्धा नव्हता. म्हणजे कोणीतरी मोठा स्विच फिरवला. बघितलंस? मी म्हटलं नव्हतं? आता मला कोर्ट नको आणि साक्षीदार नको.

तेल अवीवच्या दक्षिणेला होडीच्या सामानाचं दुकान आहे तिथे गेले. दुकानदार पोरगेला, कानात बाळी. मला बाईसाहेब करून म्हणतो, "ग्वेरेत, नवऱ्याला पाठवा, हे पुरुषांचं काम आहे." म्हटलं, नवऱ्याला आणायचा तर खणून काढावा लागेल, फावडं आहे का दुकानात? मग जरा सरळ झाला. डब्यावरचा आकडा दाखवायला लागला. म्हटलं, हा टेबलावरचा आकडा, मला काठापर्यंत चढवल्यावरचा सांग. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बोकडाने तोंड उघडून प्रार्थना म्हटली. शेवटी दुप्पट ताकदीचा घेतला, गुळगुळीत नळी घेतली, फ्यूज घेतला. वळ्यावळ्यांची नळी तो फुकट देत होता. तीही घेतली, न्हाणीघराला होईल.

बसवला गालितने, इतके दिवस धक्क्यावर उचलून ठेवलेली होडी पाण्यात सोडली त्याच आठवड्यात. सैन्यात असताना ती विमानांच्या तारा जोडायची, तिला होडी म्हणजे पाटपाणी मांडण्यासारखं. तिला मराठी समजतं, पण उत्तर हिब्रूत देते. मी तुझं पत्र वाचायची, ती होडीच्या पोटात आडवी पडून करायची. "सव्ता, चार बोटं म्हणजे कोणाची बोटं?" म्हटलं, जॉशूमामाची, जाडी आहेत, जरा वरच धर. पंप पुढच्या फळीखाली, बॅटरी जाळ्यांच्या पेटीमागे उंचावर. तारा अशा नेल्यात की यिगाल काय, यिगालला जन्म देणारीला सापडायच्या नाहीत.

यारोनला सांगितलं नाही. गालितलाही बजावलंय, बापापुढे तोंड उघडायचं नाही. तो सगळ्यांशी खरंच बोलतो आता. यिगालने विचारलं तर त्यालाही खरंच सांगून बसेल.

आता गंमत. नळीचं तोंड कुठल्या बाजूला काढायचं ते तू लिहिलं नव्हतंस. पहिल्या पंपाचं तोंड समुद्राकडे आहे. दुसऱ्याचं मी यिगालच्या होडीकडे काढलं. नुसतं त्या बाजूला नाही, नेम धरून. गालितने बादलीभर पाणी ओतून पंप चालवून पाहिला, धार थेट त्याच्या बसायच्या फळीवर पडली. आमच्या होडीच्या पोटातलं पाणी म्हणजे तुला माहीत आहे, डिझेल, माशांचं रक्त, कुजकी शेपटं. गेल्या रविवारी त्याची फळी ओली आणि तो शिव्या देतोय, म्हणतो सीगल पक्ष्यांना हगवण लागली आहे. मी धक्क्यावर उभी राहून ऐकल्या. इतकं बरं वाटलं की बसमध्ये झोप लागली.

नवस परत घेणार नाही.

योखेवेद


रेवदंडा
१४ जानेवारी १९९८

बाय,

पंप नीट बसवलात. गालितला माझा आशीर्वाद, तिला म्हणावं जाडी बोटं तुझ्या आजीच्या जिभेपेक्षा बरी.

पण नळीचं तोंड फिरव. आजच्या आज. शेजाऱ्याच्या होडीत पाणी सोडायचं नसतं, हा बंदराबंदराचा नियम आहे. माणूस दर्यावर दुश्मन असला तरी धक्क्यावर त्याची दोरी आपण पकडायची असते. शिवाय नीट विचार कर. त्याची होडी उघडी आहे ना? तिला पंप आहे का? की तो डब्याने उपसतो?

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? यिगालची फळी तुला रविवारी ओली दिसली. म्हणजे दुसरा पंप त्याआधी चालला. तो कधी चालतो ते मी तुला लिहिलं होतं.

उगाच काही बोलत नाही. तोंड फिरव आणि मला लिही.

जॉशुआ


रामला
२ फेब्रुवारी १९९८

जॉशू,

तुझं पत्र आज पोचलं, उशीर झाला. कामाला लागलेलं तोंड आता कशाला फिरवू?

यिगालची होडी बुडाली! परवाच्या शनिवारी. भिंतीला बांधलेली, उभ्या उभ्या. अगदी माझ्या होडीसारखी. मी ऐकलं आणि दोन्ही हात वर केले. एलियाहू हन्नाबीने रामल्याच्या म्हातारीचं ऐकलं.

कसं झालं ते सांगते. यिगाल अंतर्गळाच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात गेला, जानेवारी लागल्या लागल्या. तिथून हैफाला मुलीकडे, विश्रांती घ्यायला. त्याच्या होडीला पंपबिंप काही नाही, तू म्हणतोस तसा डब्यानेच उपसतो. उपसायला कोणी नाही. वरून पाऊस, यंदा इथे नुसता कोसळतोय, आणि बाजूने माझी धार. आमची होडी बुडून वर आल्यापासून जास्तच पाझरते, त्यामुळे धारेला काही कमी नाही. पावसाने आणि मी मिळून त्याला भरला. वर काढताना क्रेनच्या पट्ट्यात त्याच्या होडीचा कणा तडकला म्हणे. आता ती कोंबड्यांना खुराडं म्हणून चालेल.

तू विचारशील, बाय, तुला वाईट नाही वाटलं? क्षणभर वाटलं. मग ती कॉफी आठवली.

काल मालिदा केली. पोहे भिजवले, गूळ, नारळ, वेलची घातली, खजूर, केळी, सफरचंदं मांडली, दहा पुरुष गोळा केले. कशासाठी ते कोणाला सांगितलं नाही, म्हटलं घरातलं एक दुखणं गेलं. सगळे आमेन म्हणाले आणि ताट चाटूनपुसून गेले. फक्त यारोनने घास खाल्ला नाही. शेवटी मी त्याच्या कानात सांगितलं, यिगालची होडी गेली त्याची ही मालिदा, खा. तर हा पांढरा पडला, उठून गच्चीत जाऊन उभा राहिला. पोट दुखतं म्हणाला. चांगुलपणाचं अजीर्ण झालंय त्याला, दुसरं काही नाही.

मी दोन ताटं खाल्ली.

योखेवेद


रेवदंडा
२० फेब्रुवारी १९९८

बाय,

हे पत्र वाचताना उभी असशील तर बस.

दुसरा पंप कधी चालतो? पहिला चालत नसेल तेव्हाच. आपण तो मुद्दाम तसा बसवला. रोजचं पाणी पहिला काढतो, आणि पहिल्याचं तोंड समुद्राकडे आहे. मग यिगालच्या होडीत एवढं पाणी गेलं ते दुसऱ्याने टाकलं. म्हणजे पहिला बंद होता. पहिला चांगला आहे, तुझं न्हाणीघर साक्षीला आहे. म्हणजे मोठा स्विच कोणीतरी फिरवत होतं.

कोण? यिगाल तर हैफाला पोटाला टाके घेऊन पडला होता.

आता वार बघ. तुमची होडी शनिवारी बुडाली. फळी ओली दिसली रविवारी. त्याची होडी गेली शनिवारी. बाकीचे दिवस कोणाला काही होत नाही. शुक्रवारी दिवे लागायच्या आत तुमच्या होडीवरून शेवटचा कोण उतरतो, आणि उतरताना काय करतो, ते तू त्याला विचार. मी नाव लिहीत नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला वाटलं होतं. लिहिलं नाही, कारण तुला मी ओळखतो. म्हटलं, हिला कळलं तर ही पोराला घराबाहेर काढील. तार सरळ बॅटरीला जोडायला लावली की होडी वाचेल आणि शेजाऱ्याशी भांडण आपोआप विझेल, असा माझा हिशेब. नळीला तोंड असतं आणि ते तुझ्या हातात आहे, हे विसरलो.

एका माणसाची रोजी गेली आहे. त्याने काय केलं होतं? कॉफी प्याला.

जॉशुआ


रामला
२२ मार्च १९९८

जॉशू,

बसले. वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला, कारण पुढच्या कामाला चष्मा लागत नाही.

यारोन जेवत होता. मी समोर बसले. म्हटलं, "शुक्रवारी होडीवरून उतरताना शेवटचं काय करतोस?"

त्याने घास ताटात ठेवला. म्हणाला, "इमा, स्विच बंद करतो. शबातला माझ्या ताब्यातलं यंत्र चालत राहायला नको."

"रब्बीने सांगितलं?"

"नाही. मलाच वाटलं."

"रब्बीला विचारलंस?"

"त्याने ठेव चालू म्हटलं असतं तर? मग मला वाटलं असतं, मी सोपं तेवढंच ऐकतो."

ऐक ही धर्माची अक्कल! आपण कोकणात दोन हजार वर्षं शनिवार पाळला. बाबांनी शुक्रवारी संध्याकाळी घाण्याचा बैल सोडला तो रविवारी जुंपला. पण घाण्याखालचं भांडं त्यांनी कधी काढून घेतलं का? बैल थांबला, माणूस थांबला, आणि घाण्यातून गळायचं ते तेल आपलं गळत राहिलं. कोणी त्याला बूच मारलं नाही. मी त्याला हेच सुनावलं आणि त्याच संध्याकाळी कानाला धरून रब्बीकडे नेलं. रब्बीने ऐकून घेतलं, म्हणाला, शबातच्या आधी लावून ठेवलेलं आपोआप चालत असेल तर चालू दे, तू हात लावू नकोस म्हणजे झालं. एवढंच. दोन वाक्यं. दोन वाक्यं विचारायला हा बाबा दोन वर्षं लाजत होता आणि त्यापायी दोन होड्या गेल्या.

आणि अजून ऐक. मधल्या शनिवारी आपली होडी बुडाली नाही, याचं त्याला काय वाटत होतं माहीत आहे? त्याला वाटत होतं, आपण शबात पाळतो म्हणून देव तरंगत ठेवतो! तुझी चार बोटं आणि गालितचा फ्यूज याने देवाच्या नावावर मांडली.

पण माझं डोकं फिरलं ते यासाठी नाही. म्हटलं, "मी रोज यिगालच्या नावाने खडे फोडत होते, तू ऐकत होतास. तू, जो कोणाचं वाईट बोलत नाही! दुसऱ्याचं वाईट बोलायचं नाही, पण आईला बोलू द्यायचं, आणि आपण वरणभात खायचा?" म्हणाला, "मला वाटलं तुझा राग उतरेल." माझा राग! तुझ्या भाऊजींना चाळीस वर्षांत तो उतरवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन याफोला गेले. यिगाल धक्क्यावर त्याच खुर्चीत. पोटाला पट्टा, तोंडात सिगरेट, समोर नुसती रिकामी दोरी. मला बघून म्हणतो, "ये, योखेवेद. आज काय बुडवायचंय?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं. नळीचं तोंड काय लपतं!

म्हटलं, "आधी तू सांग. त्या शनिवारी बसून का बघितलंस?"

त्याने यारोनकडे बोट केलं. "याला विचार. दोन वर्षं हा शुक्रवारी स्विच बंद करून घरी जायचा आणि शनिवारी मी याची होडी डब्याने उपसायचो. कोणी सांगितलं नव्हतं. शेजारी म्हणून. मग सुक्कोतच्या सणाच्या सुमारास हा आला आणि चार माणसांत मला म्हणाला, माझ्या होडीत शबात मोडू नकोस, तुझं पाप मला लागतं. बरं, म्हटलं. पुढच्या शनिवारी मी हात लावला नाही, दोन बोटं पाणी राहिलं. त्याच्या पुढच्या शनिवारी जास्त. तिसऱ्याला बघितलं, आज ही जाणार. घरी गेलो, खुर्ची आणली, कॉफी केली. इतकी चांगली कॉफी मी जन्मात प्यालो नाही."

जॉशू, याला मी इतके महिने चोर म्हणत होते. हा चोर नाही रे. हा आपल्यातला आहे. याने सूड घेतला तोही बसून, दूध न घातलेली कॉफी पीत, बोटसुद्धा न उचलता. मला त्यासाठी पंप, नळी, नवस आणि दहा माणसांचं जेवण लागलं.

मी माफी मागितली नाही. मला ती येत नाही, आणि त्यालाही ऐकायची नव्हती. म्हटलं, "तुझी होडी मी बुडवली. दुरुस्त होणार?" म्हणाला, कणा गेला. म्हटलं, "जाळी ओढता येतात?" पट्टा दाखवून म्हणाला, डॉक्टरने पाण्याची बादलीसुद्धा उचलू नको म्हटलंय. म्हटलं, "पण मासे कुठे आहेत ते कळतं?" तर हसला. म्हणाला, तुझ्या मुलाला कळत नाही हे तर सगळ्या बंदराला कळतं.

यारोन मान खाली घालून उभा. तसाच पुढे झाला आणि म्हणाला, "यिगाल, चूक माझी." चांगलं झालं म्हणाला, पण तेवढ्यावर मी त्याला सोडणार नव्हते.

म्हटलं, "होडी माझ्या नावावर आहे. रविवारपासून यिगाल तांडेल. कुठे जायचं, जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं, तो सांगेल. यारोन खलाशी. जाळं ओढायचं, मासे निवडायचे, फळ्या धुवायच्या. मिळेल ते अर्धं अर्धं. शनिवारी होडी बांधलेली, दोन्ही पंप चालू, आणि दोघांपैकी कोणी तिला हात लावायचा नाही."

दोघे एकदम ओरडले. यारोन म्हणाला, "इमा, हा दिवसभर शिव्या देतो." यिगाल म्हणाला, "हा दिवसभर तोराची पोथी ऐकवील, मी पाण्यात उडी टाकीन."

म्हटलं, "म्हणूनच."

गालितने नळीचं तोंड समुद्राकडे फिरवलं. लिहितेस तर हे लिही म्हणाली, म्हणून लिहिलं.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले. अंधार होता अजून. इंजिन खोकत खोकत सुरू झालं. यिगाल मागे उशीवर बसलेला, राजासारखा, सिगरेट पेटवून. यारोन पुढे सकाळची प्रार्थना म्हणत होता. यिगाल म्हणाला, देवाला सांग मी डावीकडे वळतोय, दोरी सोड. यारोन म्हणाला, प्रार्थनेच्या मध्ये बोलू नये. यिगाल म्हणाला, प्रार्थनेच्या मध्ये भिंतीवर आपटू नये. बंदराच्या तोंडाबाहेर गेले तरी दोघांचे आवाज येत होते. दुपारी आले तेव्हा मासे चिकार होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. जावंच लागतं, दोघांनाही खायला दुसरं काही नाही.

तू आता गावभर सांगत सुटशील की बायला पश्चात्ताप झाला, तिने त्या माणसाचं भरून दिलं. सांगू नकोस. होडी बारा हात लांब आहे. तिच्यात एका टोकाला माझा मुलगा आहे आणि दुसऱ्या टोकाला यिगाल, आणि मध्ये लपायला जागा नाही. मी दोघांचाही सूड घेतलाय, आणि शनिवार सोडला तर रोज पहाटे नव्याने घेते.

योखेवेद